परदेशी सुनेचा हक्क तिच्या स्वतःच्या नावावर हवा

मुंबईतल्या पार्ल्यात परदेशी सून किंवा परदेशी जावई ही आता नवलाई राहिलेली नाही. इथल्या शाळांतून दहावी झालेली मुले गेली पन्नास-साठ वर्षे अमेरिकेला, जर्मनीला जात आहेत. त्यात पुढे सिंगापूर, दुबई आणि व्यापारी जहाजांची भर पडली. जहाजांवर भारतीय आणि फिलिपिनो अधिकारी महिनोन्‌महिने एकत्र काम करतात. आखातातल्या शहरांत मनिलाच्या परिचारिका आणि मुंबईचे तंत्रज्ञ एकाच इमारतीत राहतात. लग्ने जुळतात. मुलगा फोनवर सांगतो, आई चार दिवस गप्प राहते आणि मग नव्या सुनेसाठी पैठणी बघायला दादरला निघते. इथवरचे सगळे पार्ल्याला जमते. ही मुलगी भारतात राहणार कोणत्या कागदावर, हे मात्र आमंत्रणांची यादी करताना कुणाच्या ध्यानात येत नाही.

पहिला अडथळा लग्नाचाच आहे. कार्यालय घेतले, गुरुजी आले, सप्तपदी झाली, फोटो निघाले; पण मुलगी कॅथलिक असेल आणि कॅथलिकच राहणार असेल, तर हिंदू विवाह कायद्याखाली हे लग्न बसत नाही. त्या कायद्याला दोन्ही पक्ष हिंदू लागतात. भारतात लग्न करायचे तर अशा जोडप्यासाठी १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. त्यात नोटीस द्यावी लागते, आणि नोटिशीआधी दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहिलेले असावे लागते. नोटिशीनंतर हरकतींसाठी आणखी ३० दिवस थांबायचे. महिन्याच्या रजेवर जहाजावरून उतरलेल्या मुलाचे हे गणित जुळत नाही. मग धार्मिक विधी इथे होतो, नोंदणी 'पुढच्या खेपेला' ढकलली जाते आणि त्या दोन शब्दांत दोन-तीन वर्षे जातात. परदेशी जोडीदाराचे भारतातले सगळे हक्क नोंदणीच्या दाखल्यावर उभे आहेत, पत्रिकेवर नाहीत, हे घरातल्या वडीलधाऱ्यांनी आधी समजून घ्यायला हवे.

नोंदणी झाली की एन्ट्री व्हिसा मिळतो, ज्याला सगळे एक्स व्हिसा म्हणतात. तो पाच वर्षांपर्यंतचा असू शकतो. १८० दिवसांहून जास्त राहायचे तर एफआरआरओकडे, म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाकडे, नाव नोंदवावे लागते. मुंबईचे हे कार्यालय सेंट झेवियर्स कॉलेजच्या मागे बदरुद्दीन तय्यबजी मार्गावर आहे. २०१८ पासून बरेचसे काम ऑनलाइन होते, ही खरी सुधारणा. घरात परदेशी माणूस उतरला की २४ तासांत माहितीचा फॉर्म भरायचा, हा नियम हॉटेलांपुरता नाही, खासगी घरालाही आहे. म्हणजे पार्ल्याच्या सासूबाईंनी स्वतःच्या सुनेची 'परदेशी पाहुणी' म्हणून पोलिसांकडे वर्दी द्यायची.

एक्स व्हिसाची सर्वांत मोठी उणीव अशी की त्यावर नोकरी-धंदा करता येत नाही. दुबईत दहा वर्षे अतिदक्षता विभाग सांभाळलेली परिचारिका पार्ल्यात येते आणि घरात बसते. आसपास कूपर आणि नानावटीसारखी मोठी रुग्णालये आहेत. परिचारिका परिषदेची नोंदणी वगैरे पुढच्या गोष्टी झाल्या. पण मुळात व्हिसाच तिला दारात अडवतो.

सुटका ओसीआय, म्हणजे ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया, कार्डाने होते. नागरिकत्व कायद्याच्या कलम ७अ मध्ये २०१५ च्या दुरुस्तीने भारतीयाच्या परदेशी पती किंवा पत्नीला स्पष्ट जागा मिळाली. अट अशी की लग्न नोंदलेले असावे आणि अर्जाआधी सलग दोन वर्षे टिकलेले असावे. सुरक्षा यंत्रणांची पूर्वपरवानगी लागते आणि भारतात अर्ज केला तर १५ हजार रुपये शुल्क. टुरिस्ट व्हिसावर आलेल्याला हा अर्ज इथे करता येत नाही, हे अनेक कुटुंबांना तिकिटे काढून झाल्यावर कळते. कार्ड हाती आले की आयुष्यभराचा व्हिसा, एफआरआरओच्या नोंदणीतून मुक्ती आणि खासगी नोकरीची मोकळीक. मतदान नाही, सरकारी नोकरी नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. तरीही जगातल्या अनेक देशांच्या तुलनेत ही सवलत उदार आहे, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

आता फिलिपिन्सकडे पाहू. तिथल्या १९४० च्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम १३(अ) खाली फिलिपिनो नागरिकाच्या परदेशी जोडीदाराला आधी एक वर्षाचा परिवीक्षेचा व्हिसा मिळतो आणि मग कायम वास्तव्याचा. त्या परिवीक्षेच्या वर्षातही नोकरीसाठी परदेशी कामगाराचा वेगळा परवाना लागत नाही. मुलगी फिलिपिनो असेल आणि जावई तिकडे राहायला गेला, तर तिथले सरकार त्याला कमवू देते, कारण त्याच्या कमाईवर त्यांच्याच नागरिकाचे घर चालणार आहे. नागरिकत्वासाठी साधारण दहा वर्षांचे वास्तव्य लागते, ते फिलिपिनो स्त्रीच्या नवऱ्याला पाचवर येते. मात्र १३(अ) ला परस्परतेची अट आहे. ज्या देशात फिलिपिनो नागरिकांना कायम वास्तव्याची तशीच सवलत मिळते, त्याच देशाच्या नागरिकांसाठी हे दार आहे. म्हणून मनिलाच्या सुनेला भारत काय देतो, हा फक्त तिचा प्रश्न नाही. तिकडे संसार थाटणाऱ्या आपल्या मुलांचाही तो प्रश्न आहे.

दोन्ही सरकारांचे संबंध सध्या चांगले आहेत. २०२५ मध्ये फिलिपिन्सने भारतीय पर्यटकांना १४ दिवस व्हिसाविना प्रवेश दिला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अध्यक्ष मार्कोस दिल्लीत आले, तेव्हा भारताने फिलिपिनो पर्यटकांसाठी मोफत ई-व्हिसा जाहीर केला. पर्यटकाचे स्वागत झाले, ते योग्यच झाले. लग्न करून येणाऱ्या माणसाचा विचार या वाटाघाटींत कधी होणार?

एक्स व्हिसावरच्या नोकरीबंदीमागे सुरक्षेचे किंवा बेरोजगारीचे कारण दिले जाते. ते टिकत नाही. २०१६ मध्ये केंद्र सरकारने परदेशी गुंतवणूकदारांसाठी कायम वास्तव्याचा दर्जा आणला. १८ महिन्यांत किमान १० कोटी रुपये गुंतवा, २० भारतीयांना रोजगार द्या, दहा वर्षे राहा. या गुंतवणूकदाराच्या पत्नीला किंवा पतीला खासगी क्षेत्रात नोकरी करण्याची मुभा त्याच योजनेत दिलेली आहे. म्हणजे परदेशी गुंतवणूकदाराची परदेशी बायको इथे पहिल्या दिवसापासून काम करू शकते. भारतीय नागरिकाची परदेशी बायको मात्र निदान दोन वर्षे करू शकत नाही. हा भेद कोणत्याही तत्त्वावर समर्थनीय नाही.

नोकरीपेक्षाही गंभीर बाब नागरिकत्व कायद्याच्या कलम ७ड मध्ये आहे. लग्न कोर्टातून किंवा अन्यथा संपले, तर जोडीदार म्हणून मिळालेले ओसीआय कार्ड सरकार रद्द करू शकते. रद्द करण्याआधी म्हणणे मांडण्याची संधी मिळते, एवढाच दिलासा. नवा पासपोर्ट काढला की त्याची प्रत अपलोड करताना 'आमचे लग्न अजून टिकून आहे' असे घोषणापत्र जोडावे लागते. बाईचे वय पन्नास असो, मुले कॉलेजात असोत, सासू-सासऱ्यांचे आजारपण तिने काढलेले असो. तिचा या देशातला मुक्काम नवऱ्याच्या मर्जीला बांधलेला राहतो. मारहाण होत असेल तरी ती तक्रार करायला कचरते, कारण घटस्फोट झाला तर मुले भारतीय आणि आई पुन्हा व्हिसाच्या दारात. कायद्याने नवऱ्याच्या हातात असे शस्त्र देऊ नये.

पूर्वी हे असे नव्हते. १९५५ च्या मूळ नागरिकत्व कायद्यात कलम ५(१)(क) खाली नोंदणीने नागरिकत्व मिळू शकणाऱ्यांत भारतीयांशी लग्न केलेल्या किंवा पूर्वी लग्न झालेल्या स्त्रिया होत्या. 'पूर्वी लग्न झालेल्या' हे त्या कायद्यातच होते. विधवा आणि घटस्फोटितेचा विचार तिथे झालेला होता. त्या तरतुदीत एक मोठा अन्याय मात्र होता. ती फक्त स्त्रियांसाठी होती. पार्ल्यातल्या मुलीने परदेशी मुलाशी लग्न केले तर जावयाला ही वाट बंद. १९८६ च्या दुरुस्तीने स्त्री-पुरुष भेद गेला, पण पाच वर्षे वास्तव्याची अट आली. पुढे पाचाची सात वर्षे झाली आणि 'पूर्वी लग्न झालेल्या' हे शब्दही गेले. आज अर्जाआधीचे सलग बारा महिने आणि त्याआधीच्या आठ वर्षांतली किमान सहा वर्षे भारतात काढलेली असावी लागतात, आणि मूळ नागरिकत्व सोडावे लागते.

या वाटेने किंवा तिच्या आसपासच्या वाटांनी महाराष्ट्रात आलेल्या माणसांनी इथे काय केले, ते आठवावे. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या इव्हॉन माडे १९३२ मध्ये लष्करी अधिकारी विक्रम खानोलकरांशी लग्न करून सावित्री खानोलकर झाल्या. परमवीर चक्राची रचना त्यांची आहे. मिनियापोलिसमध्ये १९४१ साली जन्मलेल्या गेल ऑम्वेट यांनी १९७३ मध्ये बर्कलेतून पश्चिम भारतातल्या ब्राह्मणेतर चळवळीवर पीएचडी केली, १९७६ मध्ये डॉ. भारत पाटणकरांशी लग्न केले आणि सांगली जिल्ह्यातल्या कासेगावला घर केले. सासूबाई इंदुमती पाटणकर स्वातंत्र्यसैनिक. त्यांच्या चळवळीत ही सून सामील झाली. १९८३ मध्ये ऑम्वेट भारतीय नागरिक झाल्या. फुले-आंबेडकरांच्या परंपरेवर, दुष्काळावर, परित्यक्ता स्त्रियांच्या प्रश्नावर त्यांनी केलेले काम कोणत्याही मराठी अभ्यासकाला टाळता येत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये कासेगावातच त्यांचे निधन झाले.

त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात केंद्राने अधिसूचना काढली की ओसीआय कार्डधारकाला संशोधन किंवा पत्रकारिता करायची असेल तर विशेष परवानगी घ्यावी लागेल. आज एखादी तरुण संशोधक ऑम्वेट यांच्याच वाटेने आली, गावात राहिली, लोकांशी बोलून वही भरू लागली, तर तिला आधी परवानगीचा अर्ज करावा लागेल. महाराष्ट्राने याचा विचार गांभीर्याने करायला हवा, कारण यात नुकसान महाराष्ट्राचे आहे.

कोकणात परदेशी जोडीदाराच्या कागदांचा प्रश्न अधिक कडू आहे. रत्नागिरी-रायगडच्या अनेक कोकणी मुस्लिम घरांचे नातलग कराचीत आहेत आणि सोयरिकी होत आल्या आहेत. पाकिस्तानी नागरिकाला ओसीआय मिळतच नाही. त्यांच्यासाठी दीर्घ मुदतीचा व्हिसा असतो. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तान्यांचे व्हिसा रद्द झाले, तेव्हा हा दीर्घ मुदतीचा व्हिसा कायम ठेवला गेला. ज्यांनी वेळेवर तो काढला होता ती घरे वाचली.

वेळेवर कागद करणे किती महत्त्वाचे, याचे आणखी एक कारण फार कमी लोकांना माहीत असते. ३ डिसेंबर २००४ नंतर भारतात जन्मलेले मूल जन्माने नागरिक ठरायला दोन्ही पालक भारतीय हवेत, किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला हवा. व्हिसाची मुदत उलटून राहिलेला माणूस कायद्याच्या भाषेत बेकायदा स्थलांतरितच. म्हणजे सुनेचा व्हिसा संपलेला असताना बाळंतपण झाले, तर पार्ल्यातल्या प्रसूतिगृहात भारतीय बापाच्या पोटी आलेल्या बाळाचेही नागरिकत्व अडचणीत येते. डोहाळजेवणाची तारीख ठरवणाऱ्या घराने पासपोर्टातली तारीख आधी बघावी. शिवाय १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायद्यात मुदतीबाहेर राहिल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे.

त्या नव्या कायद्याने १९२०, १९३९, १९४६ आणि २००० सालचे चार कायदे मोडीत काढले. सगळी घडी नव्याने बसवली जात असताना भारतीयांच्या परदेशी जोडीदारांसाठी दोन ओळी घालता आल्या असत्या. ते राहून गेले. आता गृह मंत्रालयाने नियमांतून आणि संसदेने दुरुस्तीतून तीन गोष्टी कराव्यात. नोंदणीकृत लग्नावर मिळणाऱ्या एक्स व्हिसावर पहिल्या दिवसापासून नोकरीची मुभा द्यावी. लग्नाला पाच वर्षे झाली असतील किंवा भारतीय मूल असेल, तर घटस्फोटामुळे ओसीआय कार्ड रद्द होऊ नये. आणि नागरिकत्वाच्या कलमात 'पूर्वी लग्न झालेल्या' व्यक्तींना, स्त्री असो की पुरुष, पुन्हा जागा द्यावी. बनावट लग्नांची भीती खरी आहे, पण त्यासाठी चौकशीची यंत्रणा आजही आहे आणि ती कार्ड देण्याआधी चालते.

पार्ल्यापुरते करता येण्यासारखे काम त्याहून सोपे आहे. लोकमान्य सेवा संघासारखी शंभर वर्षांची संस्था इथे आहे. तिने वर्षातून दोन संध्याकाळी एखादा जाणकार वकील आणि एफआरआरओचे काम माहीत असलेला माणूस बोलावून अशा कुटुंबांना कागदपत्रे समजावून द्यावीत. आणि ज्यांच्या घरी परदेशी सून किंवा जावई आहे त्यांनी अशा संध्याकाळची वाट न पाहता आजच तीन गोष्टी पाहाव्यात: लग्नाचा नोंदणी दाखला, व्हिसाची शेवटची तारीख आणि ओसीआय अर्जासाठी दोन वर्षे कधी पुरी होतात तो दिवस.