न भुंकणारा पाहिजे

कुत्रा आणायचा, असे आमच्या घरात दोन विरुद्ध एक अशा मताधिक्याने ठरले, तेव्हा मी हरलेल्या पक्षातर्फे एकच अट घातली. तो भुंकणारा नसावा.

‘‘म्हणजे ओली न होणारी पोहण्याची विहीर शोधा,’’ सौभाग्यवती म्हणाल्या. कन्यका नुसतीच हसली. पण अट माझ्यासाठी नव्हती. गेल्या वर्षी आई गेली आणि नाना गावचे घर बंद करून आमच्याकडे आले. वय ब्याऐंशी. झोप म्हणाल तर अगदी श्वाननिद्रा. आणि बोलणे जवळजवळ थांबलेले. ‘चहा’ आणि ‘नको’ या दोन शब्दांवर त्यांचा दिवस निघे. त्यांच्यासाठी घर शांत ठेवायचे, तर घंटी वाजली की गल्ली डोक्यावर घेणारे जनावर कसे चालावे?

मी मराठीचा मास्तर. कुत्र्याच्या आवाजासाठी आपल्या भाषेत भुंकणे आहे, गुरगुरणे, केकाटणे, विव्हळणे, हेल काढून रडणे, सगळे आहे. गप्प बसणाऱ्या कुत्र्यासाठी मात्र एकही खास शब्द सापडेना. तेव्हाच मला सावध व्हायला हवे होते.

मग चौकशी सुरू झाली. आमच्या जुन्या वाड्यात एक पॉमेरेनियन होता. पोस्टमन, दूधवाला, वाऱ्याने हललेले वाळत घातलेले धोतर, कोणाचीही तो गय करीत नसे. तो बाद. पग भुंकतो बेताचा, पण बसक्या नाकामुळे घोरतो, आणि पुण्याच्या उन्हाळ्यात धापा टाकतो. बेसेंजी नावाची आफ्रिकेतल्या काँगोकडची एक जात भुंकत नाही अशी ख्याती आहे. ख्याती खरी आहे. पण अंगात आले म्हणजे तो कंठातून तान घेतल्यासारखा काहीतरी सूर काढतो म्हणे. नानांना भीमसेन आवडत. पण असली तान पहाटे तीनला चालली नसती!

शेवटी गुरांच्या दवाखान्यातल्या एका ओळखीच्या डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, ‘‘जात मागाहून विचारा. आधी सांगा, दिवसभर घरात कोण असतं?’’ त्यांचे म्हणणे असे की, कुत्रे बहुधा चार कारणांनी भुंकते: परका दिसला, एकटे पडले, कंटाळले किंवा भुंकल्याबरोबर कोणीतरी बिस्कीट देते हे त्याला कळले. यांतले पहिले थोडेफार जातीवर असते. बाकीची तीन घरमालकाने पाळलेली असतात. दुसरी गोष्ट, पिल्लू आणू नका. पिल्लाचा आवाज पुढे कसा निघेल हे कोणालाच सांगता येत नाही. मोठे कुत्रे घ्या, आणि दोन वेळा, वेगवेगळ्या प्रहरी, जाऊन पाहून या.

जतकडच्या एका जुन्या विद्यार्थ्याने कारवानी सुचवला. मुधोळ हाउंड म्हणतात तोच. वास घेत नव्हे, तर नजरेने हेरून पळत शिकार करणारी ही जात. अशी कुत्री सहसा मितभाषी असतात. सावजाला आधी आरोळी देऊन चालेल कसे? 2005 साली टपाल खात्याने चार देशी कुत्र्यांची तिकिटे काढली, त्यांत हा होता. 2016 साली सैन्यानेही मुधोळची पिल्ले मेरठला शिकवायला नेली. त्याच विद्यार्थ्याच्या एका शेजाऱ्याने शेत विकले होते आणि त्याच्या दोन वर्षांच्या कुत्र्याला जागा उरली नव्हती. आम्ही सकाळी पाहिला, संध्याकाळी पाहिला. आमच्याकडे पाहून त्याने एक जांभई दिली. सौदा ठरला.

गैरसमज नको म्हणून सांगतो: शांत म्हणजे सुस्त नव्हे. याला रोज मोकळ्या जागेत दौडवावे लागते. पहिल्याच आठवड्यात मांजर दिसले आणि मी साखळीसकट कॉलेजच्या मैदानावर आडवा झालो. कोपर अजून दुखते. शिवाय त्याच्या बरगड्या मोजता येतात, ती त्याची ठेवणच आहे. पण जिन्यातली प्रत्येक बाई विचारते, ‘‘याला जेवायला घालत नाही का हो?’’

कन्यकेने त्याचे नाव ‘मौनी’ ठेवले. त्याने ते सार्थ केले. तो दिवसभर नानांच्या खुर्चीपाशी पडून राही. नाना त्याच्याकडे बघत नसत, तोही त्यांच्याकडे बघत नसे. आता घरात दोन मौनी झाले, असे मी मनाशी म्हटले.

परवा एक तास रद्द झाला म्हणून दुपारी लवकर परतलो. दाराशी चप्पल काढली आणि आत कोणाचा तरी आवाज ऐकू आला. कोणी पाहुणे आले असतील, म्हणून थांबलो.

‘‘ती असती ना,’’ नाना म्हणत होते, ‘‘तर आधी तुला परसात नेऊन आंघोळ घातली असती. मग ओसरीवर घेतलं असतं. फार कडक होती. शेवटी शेवटी मात्र हाक मारायचीसुद्धा ताकद नव्हती रे. वाटी वाजवायची. मी शेजारच्या खोलीत, आणि एकदा मला ऐकूच आली नाही...’’

हे त्यांनी मला कधीच सांगितले नव्हते. मी विचारलेही नव्हते; त्यांना त्रास नको म्हणून.

आत थोडा वेळ काहीच आवाज नव्हता. मग नाना पुन्हा बोलू लागले. मी चप्पल हातात घेतली, जिना उतरलो आणि कोपऱ्यावरच्या हॉटेलात एक चहा घेतला. मग आणखी एक घेतला.