पडदा काळा, खतावणी शाबूत

मासिक विवरण भरणाऱ्या पेढ्यांना २० तारीख जवळ आली की संगणकाची खरी किंमत कळते. जीएसटीआर-३बी भरावयाचे असते आणि नेमके त्याच सकाळी बटण दाबूनही पडदा काळाच राहतो. दुरुस्तीवाला येतो, पाच मिनिटांत "मदरबोर्ड गेला" असा निकाल देतो आणि सबंध खोके उचलून नेतो. त्या खोक्यात पेढीची सहा-सात वर्षांची कीर्द व खतावणी आहे, हे त्या घाईत कोणाच्याच ध्यानात राहत नाही.

वस्तुतः यंत्र आणि हिशेब या दोन निराळ्या गोष्टी आहेत. हिशेब असतात हार्ड डिस्कवर किंवा एसएसडीवर. बटण दाबताच संगणक प्रथम स्वतःचीच तपासणी करतो आणि निर्मात्याचे बोधचिन्ह दाखवितो. विंडोज वाचण्याचे काम त्यानंतरचे. म्हणून बोधचिन्हही उमटत नसेल, तर दोष बहुधा डिस्कबाहेरचा असतो.

तेरीज जुळेना, तर आपण सारी वही नव्याने लिहीत नाही. आधी बेरजा पाहतो. फरकाला ९ ने भाग जात असेल तर अंकांची उलटापालट शोधतो. येथेही तोच क्रम ठेवावा : बिनखर्चाचे आधी, खर्चाचे शेवटी.

प्रथम मॉनिटर. त्याचा दिवा लागतो का? संगणकाकडून येणारी केबल काढल्यावर "नो सिग्नल" अशी अक्षरे दिसली, तर मॉनिटर जिवंत आहे. मग त्याच्या मेनूत एचडीएमआय की व्हीजीए, यांपैकी योग्य मार्ग निवडलेला आहे ना, तेवढे पाहावे. झाडलोट करताना केबल सैल होणे, हे तर नित्याचेच.

खोक्यातील पंखाही फिरत नसेल, तर विजेची वाट तपासावी. त्याच प्लगमध्ये दुसरे उपकरण लावून पाहावे. मागच्या बाजूस पॉवर सप्लायचे छोटे बटण असते, तेही पाहावे. मात्र पॉवर सप्लायची पेटी कदापि उघडू नये. वायर काढल्यावरही तिच्यात धोकादायक विद्युतभार शिल्लक राहू शकतो.

पंखा फिरतो, पण चित्र नाही, हा प्रकार सर्वांत फसवा. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असेल, तर केबल त्या कार्डालाच जोडावी, मदरबोर्डवरील जागेत नव्हे. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेर 'एफ' हे अक्षर असते, त्यांत चित्राची अंगभूत सोयच नसते. तेथे मदरबोर्डला लावलेली केबल काहीच दाखविणार नाही. यानंतर रॅम. धान्याच्या वा कापडाच्या दुकानातील धूळ आणि पावसाळ्यातील दमट हवा यांमुळे तिच्या सोनेरी पट्ट्यांचा संपर्क सुटतो. वायर काढून, बटण काही क्षण दाबून धरावे, खोक्याच्या उघड्या धातूस हात लावावा आणि मग रॅमची पट्टी काढून, कोरड्या मऊ कापडाने हलकेच पुसून, खिटी 'खट्' असा आवाज करीपर्यंत पुन्हा बसवावी. दोन पट्ट्या असतील, तर एकेक लावून पाहावी. परिचयातील एका किराणा पेढीवर नव्या मदरबोर्डचा अंदाजखर्च हाती आला होता. रॅम पुसून बसविताच यंत्र सुरू झाले.

संगणक 'बीप' असा आवाज करीत असेल, तर तो किती वेळा व कसा होतो ते टिपून ठेवावे. त्याचा अर्थ निर्मात्यागणिक बदलतो, परंतु जाणकारास ती मोठी खूण असते. काही नव्या मदरबोर्डवर यासाठी छोटे दिवे असतात.

बोधचिन्ह दिसते, पण पुढे "बूट डिव्हाइस सापडत नाही" असा संदेश येतो, तेव्हा मात्र प्रकरण निराळे. आधी विसरून राहिलेला पेनड्राइव्ह काढून पाहावा. हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर संगणक पुनःपुन्हा चालू करू नये. प्रत्येक प्रयत्नाने हानी वाढते. आणि "फॉरमॅट करून देतो" या प्रस्तावास, हिशेबांची प्रत हाती आल्याशिवाय, मुळीच संमती देऊ नये. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ३६ नुसार वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने हिशेब जपणे बंधनकारक आहे.

मदरबोर्ड खरोखरच गेला असेल, तर खोके जरूर पाठवावे. डिस्क मात्र काढून तिजोरीत ठेवावी. यूएसबीच्या पेटीत बसवून ती दुसऱ्या संगणकावर वाचता येते. मात्र बिटलॉकर चालू असेल, तर ४८ अंकी कळ मागितली जाते. विंडोज ११ च्या अनेक यंत्रांवर हे कुलूप आपोआप लागलेले असते. तेव्हा ती कळ आजच कागदावर उतरवून घ्यावी.

बँकांच्या शाखांत संगणक आले, तेव्हा दिवसअखेरची प्रत काढून ती शाखेबाहेर ठेवण्याचा दंडक होता. पेढीवर बहुधा ती प्रत एका पेनड्राइव्हवर असते, आणि तो पेनड्राइव्ह त्याच संगणकाला लटकलेला असतो! तो रोज सायंकाळी घरी न्यावा. दुरुस्तीनंतर बिलाबरोबर बदललेला जुना भागही मागून घ्यावा. तो देण्यास टाळाटाळ झाली, तर पैसे देण्यापूर्वी दुसऱ्या जाणकाराचे मत घ्यावे.