मार्कंड्याच्या वाळवंटांत

घरांतील मुलाचा वाढदिवस आला म्हणजे आमच्याकडे अजूनहि त्याला पाटावर बसवून औक्षण होतें, आणि तीळ व गूळ घातलेलें दूध मार्कंडेय ऋषींचें नांव घेऊन त्याला प्यावयास दिलें जातें. केक, मेणबत्त्या वगैरे थाट संध्याकाळीं व्हावयाचा तो होतोच. परंतु सकाळचें हें दूध चुकत नाहीं. वाचकांच्या घरींहि बहुधा हीच रीत असेल. ज्याची गणना चिरंजीवांत झाली त्या ऋषिकुमाराचें नांव घेऊन आईनें मुलासाठीं दीर्घायुष्य मागावें, यापरतें स्वाभाविक काय आहे? गेल्या मार्गशीर्षांत आमच्या पुतण्याला सोळा पुरीं होऊन सतरावें लागलें. त्या दिवशीं दूध पिऊन वाटी खालीं ठेवतां ठेवतां त्यानें सांगितलें कीं, आपण खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची प्रवेशपरीक्षा देणार. अभियांत्रिकीच्या शिकवणीचा पुढील हप्ता भरूं नये.

घटकाभर कोणी बोललें नाहीं. मग सगळेच बोलूं लागले. दादांचें म्हणणें, हुशार मुलानें शास्त्राकडे जावें. देशसेवा प्रयोगशाळेंतहि होते. काका म्हणाले, आपल्या घराण्यांत असलें कांहीं कोणी केलेलें नाहीं. वडिलांनीं आपला चष्मा पुसला आणि नातवाला विचारलें, "तुझ्या डोळ्यांचा नंबर किती रे?" जणूं नंबर निघाला असता तर सगळेच सुटलों असतों! बंगळूरच्या भावानें दूरध्वनीवरून पगाराचे आंकडे ऐकविले. आम्हीहि मोठ्या गांभीर्यानें लष्करी शिस्त व स्वतंत्र बुद्धि यांच्या विरोधावर चार वाक्यें बोललों. तीं आतां आठवलीं म्हणजे लाज वाटते. कारण इतक्या थोर थोर कारणांत खरें कारण एकानेंहि उच्चारलें नाहीं. तें वहिनींनीं उच्चारलें. वाटी उचलतांना त्या म्हणाल्या, "मला भीति वाटते," आणि आंत निघून गेल्या.

त्याच रात्रीं त्यांनीं ठरविलें कीं, महाशिवरात्रीला मुलाला घेऊन मार्कंड्याला जावयाचें. त्याचें मन फिरावें म्हणून हा नवस असावा, अशी आमची समजूत झाली. दादांना कामांतून सवड नव्हती, तेव्हां सोबत म्हणून आम्ही निघालों.

गडचिरोली जिल्ह्यांतील चामोर्शी तालुक्यांत वैनगंगेच्या कांठीं हें क्षेत्र आहे. दक्षिणेकडे वाहणारी वैनगंगा येथें वळण घेऊन उत्तरवाहिनी होते, म्हणून स्थानाचें माहात्म्य. आवारांत लहानमोठीं अनेक देवळें असून मुख्य देऊळ मार्कंडेश्वराचें. भिंतींवरील मूर्तिकामामुळें त्याला विदर्भाचें खजुराहो म्हणण्याची रीत पडली आहे. आम्हांला ती रुचत नाहीं. मार्कंड्याला मार्कंडा म्हणून काय कमी आहे? पूर्वीं वीज पडून या देवळाच्या शिखराचा माथा ढासळला होता. मृत्यूला परतविणाऱ्या देवाच्याच डोक्यावर वीज पडावी, हें पाहून पुतण्याला हंसूं आलें. वहिनींना आलें नाहीं.

मार्कंडेयाची कथा आपण सर्वांनीं ऐकलेली असते, पण तिचा पहिला भाग आपण चटकन ओलांडून जातों. मृकंडु ऋषींना शंकरानें विचारलें, मंदबुद्धीचा दीर्घायुषी पुत्र हवा कीं गुणवान पण सोळाच वर्षांचा? मृकंडूंनीं दुसरा मागितला. पुढें मुलानें लिंगाला मिठी मारली, यमाचा पाश पडला, शंकर प्रगट झाले, तें सारें आपल्याला पाठ असतें. परंतु त्या मृकंडूंच्या पत्नीला कोणी विचारलें होतें काय? हा प्रश्न आमचा नव्हे. आवारांत पायऱ्यांवर टेकल्या असतां वहिनींनींच तो केला.

यात्रेच्या दिवशीं पहांटे नदीवर गेलों. थंडी होती, पाण्यावर धुकें होतें. स्नानाला आलेल्या बायाबापड्यांच्या पलीकडे, कोरड्या वाळूंत पंधरावीस तरुण अनवाणी पळत होते. एकजण हातांतील घड्याळ पाहून ओरडत होता. आम्हीं चौकशी केली. पोलीस भरतीची तयारी चालली होती. सोळाशें मीटर धांवावें लागतें, गोळा फेकावा लागतो. वाळूंत पळण्याची संवय झाली म्हणजे मैदानावर पाय हलका पडतो, असें त्यांतील एकानें सांगितलें. सैन्याच्या भरतीला जाणार नाहीं काय, असें पुतण्यानें विचारतां तो म्हणाला, तेथें जून २०२२ पासून शिपायाला चारच वर्षें. पुढें चौघांतला एक ठेवतात. बाकीच्या तिघांनीं बाविसाव्यातेविसाव्या वर्षीं घरीं येऊन काय करावें? पुतण्या गप्प झाला. त्याच्या कल्पनेंतील सैन्यांत गणवेश होता, घोडा होता, खांद्यावर तारे होते. त्या मुलाच्या सैन्यांत वर्षांचा हिशेब होता.

नारळ व बेल विकणारी एक बाई जवळच बसली होती. पळणाऱ्यांत तिचा धाकटा होता. थोरला आधींच पोलीस दलांत लागलेला. वहिनी तिच्यापाशीं बेल घेण्यास म्हणून थांबल्या आणि अर्धा तास उठल्या नाहींत. थोरला भरती झाल्यावर त्या कुटुंबाला गांव सोडावें लागलें होतें. घर, शेत, मोहाचीं झाडें मागें टाकून तीं तालुक्याच्या गांवीं भाड्याच्या खोलींत राहिलीं. "बाई, मोठ्याच्या वक्ताला मी बी अशीच देवापाशीं बसली होती," ती वहिनींना म्हणाली. "आतां लहाना पळते. पळते तर पळू द्या म्हणतो."

ही एकाच घरची गोष्ट नव्हे. २६ ऑगस्ट १९८२ रोजीं चंद्रपूरपासून वेगळा झालेला हा जिल्हा नक्षलवाद्यांच्या बंदुकांखालीं वाढला. १९९० सालीं त्या वेळचे पोलीस अधीक्षक के. पी. रघुवंशी यांनीं स्थानिक तरुणांची साठ जणांची एक तुकडी उभी केली. तीच पुढें सी-साठ या नांवानें ओळखली गेली. गोंडी, माडिया बोलणारीं, जंगलाच्या पायवाटा जाणणारीं हीं इथलींच मुलें. आणि जंगलांत समोर बंदूक धरणाराहि पुष्कळदां इथलाच, त्याच भाषेंत बोलणारा. एकट्या २००९ सालांत फेब्रुवारीमध्यें मरकेगांवला पंधरा पोलीस पडले, मेमध्यें हत्तीगोट्याला सोळा, ऑक्टोबरमध्यें लाहेरीजवळ सतरा. हत्तीगोट्याच्या सोळांत पांच स्त्रिया होत्या. १ मे २०१९ रोजीं, राज्यभर महाराष्ट्रदिन साजरा होत असतां, जांभुळखेड्याजवळ सुरुंगानें गाडी उडवून पंधरा जवान व गाडीचा चालक मारले गेले. ऑक्टोबर २०२५ मध्यें भूपति या नांवानें वावरणारा मोठा नक्षल पुढारी साठ साथीदारांसह गडचिरोलींत शस्त्रें खालीं ठेवून शरण आला, आणि तेव्हांपासून येथील माणसें किंचित् मोकळा श्वास घेऊं लागलीं आहेत. आपल्या घरांत मात्र त्या सोळा-सतरांच्या बातम्या चहाबरोबर वाचल्या गेल्या. आमच्याहि घरांत. त्यांतील एकाहि माणसाचें नांव आम्हांला आठवत नाहीं.

काकांचें वाक्य, 'आपल्या घराण्यांत कोणी केलें नाहीं', परतीच्या वाटेवर पुन्हां पुन्हां मनांत येत होतें. तें खरें आहे काय? मिरजेचे पटवर्धन कोण होते? १८१८ सालीं आष्टीच्या लढाईंत पडलेले बापू गोखले कोण होते? मराठी राज्य बुडालें तेव्हां तलवार खुंटीला गेली आणि लेखणी हातीं आली. त्या लेखणीनें आपल्याला इतकें दिलें कीं खुंटीकडे पाहण्याचें कारण उरलें नाहीं. पुढें सरकारनेंहि लढाऊ जाति आणि बिनलढाऊ जाति अशी वांटणी केली. ती अपमानास्पद होती खरी. पण सोयीचीहि होती, हें कबूल केलें पाहिजे.

१९१८ सालची हकीकत पहा. मुंबईच्या युद्धपरिषदेंत १० जून रोजीं गव्हर्नर विलिंग्डन यांनीं टिळकांचें भाषण मध्येंच अडविलें आणि टिळक उठून गेले. हिंदी माणसानें रक्त द्यावयाचें तर त्याला अधिकाराची सनदहि मिळाली पाहिजे, हा त्यांचा आग्रह. गांधीजी तेव्हां खेडा जिल्ह्यांत सैन्यभरतीसाठीं पायपीट करीत होते. टिळकांनीं त्यांना पन्नास हजारांचा चेक पाठविला: सनदांचें वचन मिळवून द्या, महाराष्ट्रांतून पांच हजार माणसें देतों, न दिलीं तर ही रक्कम दंड समजा. गांधीजींनीं चेक परत केला. हा प्रसंग आपण अभिमानानें सांगतों. परंतु पुढें सनदा मिळाल्या. १९३२ सालीं डेहराडूनला लष्करी विद्यालय निघालें, १९३७ सालीं डॉ. मुंजे यांनीं नाशिकला भोंसला विद्यालय काढलें, १९५५ पासून प्रबोधिनी पुण्याच्या उंबऱ्यावर, खडकवासल्याला आहे. पांच हजारांच्या हुंडींतील आपल्या आळीचा वांटा किती भरला, तो वाचकांनीं आपापल्या वाड्यांतच मोजावा. जनरल बेवूर, जनरल नरवणे यांचीं नांवें आपल्या दिवाणखान्यांत कौतुकानें निघतात. मात्र ते कोणाचे तरी मुलगे होते, आपले नव्हते, ही सोय त्या कौतुकांत असते.

उलट, ज्यांना दुसरें कांहीं उघडें नव्हतें त्यांना हेंच दार किती मोलाचें होतें! रामजी सकपाळ सैन्यांत सुभेदार होते, लष्करी शाळेंत शिकवीत होते, डॉ. आंबेडकरांचा जन्म १८९१ सालीं महूच्या छावणींतला. त्याच सुमारास महारांना सैन्यभरती बंद झाली. १९१७ सालीं, गरज पडली तेव्हां, त्यांची एकशें अकरावी पलटण उभारली आणि १९२१ मध्यें मोडली. १९४१ सालीं महार रेजिमेंट उभी राहीपर्यंत त्यांना अर्जविनंत्या कराव्या लागल्या. ज्या दारांतून आंत जाऊं द्या म्हणून एका घरानें पन्नास वर्षें अर्ज केले, तें दार दुसऱ्या घरानें मुलाच्या डोळ्यांचा नंबर विचारून बंद करूं पाहावें! असो. हें सारें आम्हीं घरीं आल्यावर दादांना ऐकविलें. ते शांतपणें म्हणाले, "इतिहास ठीक आहे. मुलगा एक आहे." यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें, आजहि नाहीं.

मधल्या काळांत आमच्या धाकट्या कन्येनें जेवतांना जाहीर केलें कीं, मे २०२५ मध्यें प्रबोधिनींतून सतरा मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली आहे, आणि दादाला जाऊं दिलें नाहीं तर ती स्वतः जाईल. तिच्याकडे तूर्त कोणीं लक्ष दिलेलें नाहीं.

वहिनींनीं देवापाशीं काय मागितलें, तें विचारण्याचा धीर आम्हांला पुष्कळ दिवस झाला नाहीं. शेवटीं एका दुपारीं त्या आपण होऊनच बोलल्या. गाभाऱ्यांत त्यांच्या पुढेंच ती नारळवाली उभी होती. "ती दोन मुलांसाठीं हात जोडून उभी. तिच्या मागें उभी राहून मी काय मागूं, भाऊजी? माझा तेवढा घरीं राहूं दे? म्हणजे कोणाचा जाऊं दे? बेल वाहिला आणि बाहेर आलें." पुतण्याला त्यांनीं एवढेंच सांगितलें कीं, अकरावीचे गुण घसरतां कामा नयेत.

सप्टेंबरच्या परीक्षेचा अर्ज उन्हाळ्यांत भरावयाचा आहे. लेखी परीक्षा झाल्यावर पांच दिवसांची निवड-मुलाखत असते, तींत पुष्कळ मुलें गळतात. तेव्हां आजच कशाचा निवाडा झालेला नाहीं. दादा या विषयावर मुलाशीं बोलत नाहींत. तो पहांटे पांचाला उठून टेकडीवर पळावयास जातो, आणि वडील त्याच्यामागून कडी घालण्यासाठीं म्हणून उठतात व तो परत येईपर्यंत ओसरीवर बसून राहतात. परवां दादांनीं त्याच्या बुटांचे तळ झिजलेले पाहिले. संध्याकाळीं येतांना नवी जोडी आणून कांहीं न बोलतां दारांत ठेवली. माप एका आंकड्यानें लहान निघालें. ती बदलून आणण्याचें काम आमच्याकडे आलें आहे.