हाड गोळ्यांनी भरत नाही!

दात पडला की कवळी, हे समीकरण आता मागे पडत आहे. जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवून त्यावर दात चढवण्याची दंतरोपणाची पद्धत स्वीडनचे डॉ. ब्रॉनेमार्क यांनी १९६५ मध्ये प्रथम रुग्णावर वापरली. आज ती लहान शहरांतही पोचली आहे. हाड झिजलेले असेल तर तेथे हाडाची भर घालावी लागते. यालाच बोन ग्राफ्टिंग म्हणतात.

या शस्त्रक्रियेनंतर अँटिबायोटिकच्या गोळ्या जितक्या जास्त घ्याव्यात तितके हाड लवकर भरते, असा अनेकांचा समज असतो. थोडी सूज दिसली की जुनी चिठ्ठी घेऊन मंडळी औषधाच्या दुकानात हजर! हा समज चुकीचा तर आहेच, शिवाय घातकही आहे.

अँटिबायोटिक जंतूंना आवर घालते, हाड तयार करीत नाही. शस्त्रक्रियेच्या तासभर आधी घेतलेल्या अमॉक्सिसिलिनच्या २ ग्रॅमच्या एकाच मात्रेने रोपण फसण्याचे प्रमाण घटते, असे अभ्यासांत दिसले आहे. हाडाची भर घातल्यास काही दंतवैद्य पुढेही गोळ्या देतात. त्या किती दिवस घ्यायच्या, हे त्यांनीच ठरवावे. पेनिसिलिनची ॲलर्जी असल्यास आधीच सांगावे.

सूज साधारणपणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असते व नंतर ओसरते. तिला घाबरून मनाने गोळ्या वाढवू नयेत. मात्र ओसरलेली सूज पुन्हा वाढली, पू किंवा ताप आला, तर त्याच दिवशी दंतवैद्याला दाखवावे. गिळायला वा श्वास घ्यायला त्रास झाल्यास तडक रुग्णालय गाठावे.

घातलेली भर जबड्यात मुरायला बहुधा चार ते सहा महिने लागतात. या काळात खरे औषध म्हणजे पथ्य. तंबाखू, मिश्री, विडी पूर्ण बंद हवी, कारण तंबाखूने हिरडीचा रक्तपुरवठा घटतो. मधुमेह ताब्यात हवा आणि तोंड स्वच्छ हवे. हजारो रुपये खर्चून बसवलेला दात चिमूटभर तंबाखूपायी गमावणे, हा कुठला शहाणपणा?

अपुऱ्या मात्रेने जंतू औषधाला दाद देईनासे होतात, हा इशारा पेनिसिलिनचे जनक फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल भाषणातच दिला होता. म्हणून उरलेल्या दोन गोळ्या शेजाऱ्याला देण्याचा परोपकार नको. आज वाया घालवलेले औषध उद्या घरातल्या लेकराच्या न्यूमोनियाला उपयोगी पडणार नाही, एवढे ध्यानात ठेवावे.