फ्रेंच फेरीने कालवा ओलांडायला हवा

पाँडिचेरीला जाणाऱ्या मराठी पर्यटकाचा दिवस साधारण ठरलेला असतो. सकाळी मनकुळ विनायगराचे दर्शन, मग अरविंदाश्रम, दुपारी ऑरोव्हिल आणि ऊन उतरले की ‘व्हाइट टाउन’मधल्या पिवळ्या भिंतींपुढे, बोगनवेलीखाली फोटो. थोडी उत्सुकता असलेली मंडळी गाईड घेऊन पायी ‘हेरिटेज वॉक’ करतात आणि तो अर्थातच इंग्रजीत असतो. याच शहरात फ्रेंचमधूनही अशी फेरी मिळते, हे ठाऊक असले तरी ती फ्रान्सहून आलेल्या पाहुण्यांसाठी असणार, असे समजून आपण पुढे जातो. महाराष्ट्रात फ्रेंच शिकलेल्यांची संख्या मात्र लहान नाही. मार्क मिळवून देणारा विषय म्हणून शाळेत फ्रेंच घेणारी मुले, पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा मुंबई-पुण्याच्या आलियाँस फ्राँसेजमध्ये परीक्षा देणारी तरुण मंडळी, नोकरीसाठी भाषा शिकलेले अभियंते असे बरेच लोक आहेत. कामापुरती का होईना, फ्रेंच येत असलेल्या प्रत्येकाने पाँडिचेरीची फेरी फ्रेंचमधूनच करावी, असे माझे मत आहे. त्याला एकच अट आहे. ही फेरी शहराच्या मधोमध वाहणाऱ्या कालव्याच्या पलीकडे, तमिळ वस्तीत गेली पाहिजे. समुद्राकडच्या चार रस्त्यांवरच ती संपणार असेल, तर फ्रेंचचा उपयोग सजावटीपुरता उरतो.

आधी शहराची मांडणी पाहू. फ्रेंचांची वखार इथे 1670च्या दशकात उभी राहिली, पण आज दिसणारे काटकोनात छेदणारे रस्ते बहुतांशी डचांनी आखले. 1693 मध्ये त्यांनी हे ठाणे जिंकले आणि 1699 मध्ये फ्रेंचांना परत दिले. 1761 मध्ये इंग्रजांनी वेढा घालून शहर घेतले आणि ते जवळपास जमीनदोस्त केले. त्यामुळे ‘जुने फ्रेंच घर’ म्हणून दाखवली जाणारी बहुतेक वास्तू 1765 नंतरच्या पुनर्बांधणीतली किंवा त्याहूनही अलीकडची असते. उत्तर-दक्षिण वाहणाऱ्या कालव्याने शहराचे दोन भाग केले. पूर्वेला, समुद्राच्या बाजूला गोऱ्यांची वस्ती होती आणि पश्चिमेला हिंदू, ख्रिस्ती व मुसलमान तमिळ लोकांची. ठराविक फेरी पूर्वेकडेच रेंगाळते. राजनिवास, आयी मंडपम आणि त्याची दंतकथा, 1855चे नोत्र दाम देझांज चर्च, पहिल्या महायुद्धातल्या मृतांचे स्मारक, किनाऱ्यावरचा फ्रेंच गव्हर्नर डुप्लेचा पुतळा. हे सारे देखणे आहे, यात वाद नाही. पण या बाजूला राहणारे युरोपीय लोक एकूण वस्तीच्या मानाने नेहमीच मूठभर होते. ज्यांच्या आयुष्यात फ्रेंच सत्तेने खरी उलथापालथ केली, ते पश्चिमेला राहत होते आणि त्या उलथापालथीची कागदोपत्री भाषा फ्रेंच होती.

1873 मध्ये पोन्नुतंबी पिल्लै हे तमिळ वकील युरोपीय पद्धतीचे बूट घालून न्यायालयात आले. देशी माणसाने बूट घालून न्यायालयात येणे हा अवमान ठरवून त्यांना शिक्षा झाली. प्रकरण पॅरिसच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि निकाल पिल्लैंच्या बाजूने लागला. पुढे 1881 मध्ये एक हुकूम निघाला. जातीधर्माच्या रूढ व्यक्तिगत कायद्याचा त्याग करून फ्रेंच नागरी कायदा स्वीकारण्याची मुभा त्याने इथल्या लोकांना दिली. तो स्वीकारणाऱ्याला कुटुंबासाठी आडनाव निवडावे लागे. पिल्लैंनी लापोर्त हे आडनाव घेतले. आज पाँडिचेरीत फ्रेंच नागरिकत्व असलेली जी तमिळ कुटुंबे आहेत, त्यांच्यातल्या अनेकांचा धागा या हुकमापर्यंत जातो. त्यांच्यातले कितीतरी जण कारकून, शिपाई, न्यायाधीश म्हणून इंडोचायनात गेले आणि निवृत्त होऊन इथे परतले. त्यांच्या जन्माच्या नोंदी, खरेदीखते, पेन्शनचे कागद फ्रेंचमध्ये आहेत. ओसरीवर लाकडी खांब आणि वरच्या मजल्यावर फ्रेंच धाटणीचे स्तंभ, अशी मिश्र घरे कालव्याच्या पश्चिमेलाच पाहायला मिळतात. रंगपिल्लै रस्त्यावरचे, डुप्लेचे दुभाषी आनंद रंगपिल्लै यांचे घर हा त्याचा ठळक नमुना. इंग्रजी फेरीत या घराच्या वास्तुशैलीबद्दल दोन वाक्ये ऐकायला मिळतात. त्यात राहणारी माणसे कोणत्या कायद्याखाली लग्न करत, कुणाला मत देत, हे फ्रेंच ऐकणारा माणूस विचारू शकतो, कारण त्या गोष्टी सांगण्याची शब्दसंपत्ती त्या भाषेतच घडलेली आहे.

इंग्रजीत सांगितलेला पाँडिचेरीचा इतिहास बहुतेक वेळा क्लाइव्ह विरुद्ध डुप्ले या झुंजीभोवती फिरतो. त्यात फ्रेंच हरले, म्हणून पुढचा सगळा काळ म्हणजे कथेची शेपटी. प्रत्यक्षात 1870च्या दशकापासून इथले पुरुष पॅरिसच्या संसदेत प्रतिनिधी निवडून पाठवत होते. तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानात लोकांनी निवडलेले विधिमंडळ कुठेच नव्हते. 1962 मधल्या कायदेशीर विलीनीकरणापर्यंतची ही जवळजवळ शंभर वर्षे हीच या शहराची खरी कहाणी आहे. फ्रेंच कथन अधिक खरे असते, असा माझा दावा नाही. त्याला स्वतःची मखलाशी भरपूर आहे. समतेची भाषा करताना युरोपीयांची, नागरी कायदा स्वीकारलेल्यांची आणि इतर देशी लोकांची मतदार यादी वेगवेगळी ठेवण्याची चलाखी याच प्रजासत्ताकाने केली. पण दोन वेगवेगळ्या कलांची कथने ऐकणाऱ्याला निदान कल कुठे आहे हे कळते. एकच ऐकणाऱ्याला तोच इतिहास वाटतो.

मराठी वाचकाला हे नवे वाटू नये. 1677 च्या दक्षिण दिग्विजयात शिवाजी महाराजांनी शेरखान लोदीचा पराभव केला, तेव्हा शेरखानच्याच आश्रयाने पाँडिचेरीत बसलेल्या फ्रेंचांचे धाबे दणाणले. तिथल्या वखारीचा प्रमुख फ्रान्स्वा मार्तँ याने महाराजांकडे वकील पाठवून अभय मिळवले. त्या मोहिमेची छावणी, हालचाली आणि कारभार यांबद्दल मार्तँने आपल्या आठवणींत जे नोंदवले, ते मराठ्यांच्या इतिहासाचे एक महत्त्वाचे समकालीन साधन आहे. ते फ्रेंचमध्ये लिहिलेले आहे. पाँडिचेरीतल्या किती फेऱ्यांमध्ये हा प्रसंग सांगितला जातो? मराठी पाहुण्याने विचारले तर सांगितला जाईल, आणि विचारायला तो आधी ठाऊक हवा. तीच गोष्ट तमिळ वस्तीतल्या सुब्रह्मण्य भारतींच्या घराची. लोकमान्यांच्या जहाल पक्षाचा हा कवी 1908 मध्ये ब्रिटिशांच्या हातून निसटून इथे आला आणि दहा वर्षे राहिला. लंडनच्या इंडिया हाउसमधले सावरकरांचे सहकारी व्ही. व्ही. एस. अय्यर 1910 मध्ये इथे पोहोचले. त्याच वर्षी सावरकरांनी मार्सेयच्या बंदरात उडी घेतली ती फ्रेंच भूमीवर ब्रिटिशांचा हात पोहोचू नये याच भरवशावर. तिथे तो भरवसा फसला, इथे तो पुष्कळसा टिकला. हे दुवे पिवळ्या भिंतींच्या बाजूला सापडणार नाहीत.

या मतावरचा सर्वांत सरळ आक्षेप असा: वसाहतवाल्यांच्या भाषेत त्यांच्याच शहराची फेरी करणे म्हणजे गुलामीचे गोडवे गाणे नव्हे काय? फेरी पूर्वेलाच थांबत असेल तर हा आक्षेप मला मान्य आहे. व्हरांडे, झुंबरे आणि गव्हर्नरांची नावे फ्रेंच उच्चारांसह ऐकून येण्यात स्मरणरंजनापलीकडे काही नाही. पण भाषेवर तिच्या मालकाचा शिक्का कायमचा राहतो, हे खरे नाही. गोव्याचे पांडुरंग पिसुर्लेकर यांनी पोर्तुगीज दफ्तरे धुंडाळून पोर्तुगीज-मराठे संबंधांचा इतिहास उभा केला. पोर्तुगीज ही सत्ताधाऱ्यांची भाषा म्हणून त्यांनी ती टाळली असती, तर नुकसान आपलेच होते. फ्रेंच फेरीचा प्रामाणिकपणा तपासायचा तर मिशन स्ट्रीटवरच्या कॅथेड्रलपाशी गाईडला थांबवावे. या परिसरातले वेदपुरीश्वराचे देऊळ 1748 मध्ये, डुप्लेच्या कारकिर्दीत पाडले गेले. ते कसे पाडले आणि त्यात कोणाचा हात होता, हे तो सांगतो का ते पाहावे. सांगत असेल तर फेरी ऐकण्यासारखी आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. देऊळ पाडल्याची हकीकत आपल्याला कळते ती आनंद रंगपिल्लै यांच्या रोजनिशीतून. डुप्लेचे दुभाषी असलेल्या पिल्लैंनी 1736 पासून 1761 पर्यंत लिहिलेली ही रोजनिशी तमिळमध्ये आहे. मग शहर समजून घ्यायचे तर तमिळ शिकावे, फ्रेंच कशाला? याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही आणि ते असल्याचा आव आणणेही बरे नव्हे. तमिळ येणाऱ्याने तमिळमध्येच फिरावे. त्याला जे दिसेल ते इतरांना दिसणार नाही. पण आपल्याकडे तमिळ शिकवणाऱ्या शाळा फारशा नाहीत आणि फ्रेंच शिकवणाऱ्या पुष्कळ आहेत. हातात असलेली किल्ली वापरण्याचा हा प्रश्न आहे. फ्रेंच ही केवळ वरच्या थराची भाषा होती, असेही समजू नये. नागरी कायदा स्वीकारणाऱ्यांत ख्रिस्ती आणि जातींच्या उतरंडीत तळाशी असलेले लोक मोठ्या संख्येने होते. त्याला संघटित विरोध केला तो चनेमुगम यांच्यासारख्या सवर्ण हिंदू पुढाऱ्यांनी. ज्यांना गावाच्या कायद्याने चपला घालायला मनाई केली, त्यांच्यातल्या काहींना परक्या कायद्यात वाट दिसली. ही गुंतागुंत समजून घेणाऱ्याला फुले-आंबेडकरांच्या महाराष्ट्रात वेगळे काही सांगायला नको.

राहिला व्यवहाराचा प्रश्न. शाळेतल्या फ्रेंचवर दोन तासांचे बोलणे कळणार का? सगळे कळणार नाही, निम्म्याहून थोडे अधिक कळेल. पण पायी फेरी हा भाषा ऐकण्याचा सर्वांत सोपा प्रकार आहे. ज्याबद्दल बोलणे चालू असते ती वस्तू समोर उभी असते, गाईड थांबत-थांबत बोलतो, त्याला पुन्हा सांगायला लावता येते आणि रस्त्याच्या निळ्या पाट्यांवर तमिळबरोबर फ्रेंच नावही लिहिलेले असते. सिनेमा किंवा बातम्या ऐकण्यापेक्षा हे कितीतरी हलके काम आहे. वर्गात पॅरिसची मेट्रो आणि बेकरीतली पाव खरेदी यांपलीकडे न गेलेली फ्रेंच इथे पहिल्यांदा भारतीय माणसांबद्दल काही बोलते. या भाषेला इथे अजून कायदेशीर आधारही आहे. भारत आणि फ्रान्स यांच्यातल्या 1956 च्या करारानुसार, लोकप्रतिनिधी वेगळा निर्णय घेईपर्यंत फ्रेंच ही इथली राजभाषा राहणार होती. तिचा रोजचा वापर आता आटला आहे. ज्येष्ठ पिढीबरोबर तो आणखी आटणार. म्हणजे तमिळ घरात वाढलेल्या माणसाकडून या वस्तीची हकीकत फ्रेंचमध्ये ऐकायची संधी फार वर्षे राहील असे दिसत नाही.

गाईड ठरवताना म्हणून भाव विचारण्याआधी रस्ता विचारावा. समुद्रावरून सुरुवात करून कालवा ओलांडायचा, कॅथेड्रल, रंगपिल्लैंचे घर आणि भारतींचे घर घ्यायचे, मधल्या गल्ल्यांतल्या ओसऱ्यांपाशी थांबायचे आणि युद्धस्मारकावरची नावे शेवटी वाचायची, असा क्रम पुरेसा आहे. थंडीत सकाळी सातला निघाले तर उन्हाआधी तो पुरा होतो. तमिळ वस्तीत ‘पाहण्यासारखे काही नाही’ असे गाईड म्हणाला, तर त्याचे फ्रेंच कितीही अस्खलित असो, दुसरा गाईड पाहावा.