उपजीविकेची वळणे आणि समाजाचे कर्तव्य

मुलगा दहावी-बारावीची परीक्षा उतरला की त्याच्या पुढील चाळीस वर्षांचा निकाल एका बैठकीत लावून टाकावयाचा, ही आमच्या खानदेशातील शहरवस्तीची जुनी खोड आहे. नोकरदाराच्या घरी सरकारी नोकरी, व्यापाऱ्याच्या घरी वडिलांची गादी, आणि ज्यांच्यापाशी दोहोंपैकी काहीच नाही त्यांच्या घरी ‘मिळेल ते, पण कायमचे’, असे हे ठरीव साचे आहेत. साच्यात पडलेला मनुष्य पुढे कधी त्यातून बाहेर येऊ लागला, की आप्तेष्ट त्याची कीव करू लागतात. सोयरीक जुळविताना मुलाच्या अंगी गुण कोणते याची चौकशी मागाहून होते. तो ‘कायम’ झाला आहे की नाही, हे आधी विचारले जाते. ज्याने दोन धंदे बदलले त्याच्याविषयी तर ‘एका जागी टिकत नाही’ एवढा शेरा मारला की प्रकरण मिटले! या समजुतीपायी किती होतकरू माणसांची उमेदीची वर्षे वाया जात आहेत, याचा विचार जळगाव-धुळ्याच्या सुशिक्षित व व्यापारी वर्गाने आता केला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ज्या पुरुषांचा या दोन जिल्ह्यांस अभिमान वाटतो, त्यांच्यापैकी कितीजण ठरल्या वाटेने गेले, हे पाहू लागावे. साने गुरुजी मूळचे कोकणातील पालगडचे. तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी ते अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात आले आणि १९२४ मध्ये त्याच गावी शाळामास्तर झाले. सहा वर्षे मुलांत रमल्यावर १९३० मध्ये त्यांनी सत्याग्रहासाठी नोकरी सोडली. व्यवहारी माणसाच्या हिशेबी हा शुद्ध आतबट्ट्याचा व्यवहार होय. परंतु १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर जी अठरा प्रवचने केली, ती उतरून घेणारा हात याच मास्तरांचा होता. आणि पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली गेली. मुलांशी बोलण्याची जी हातोटी अमळनेरच्या वर्गात साधली होती, तीच त्या पुस्तकात उतरली. नोकरी सुटली, पण नोकरीत कमावलेले काही सुटले नाही.

दुसरे उदाहरण शिल्पकार राम सुतार यांचे. धुळ्याजवळच्या गोंदूर गावी १९२५ मध्ये एका सुताराच्या घरी त्यांचा जन्म झाला. वडिलांचा रंधा-करवत पुढे चालवावयाचा, हाच त्या घरचा साचा. जोशी नावाच्या शिक्षकांनी त्यांचा हात ओळखून त्यांस मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत जाण्याचा मार्ग दाखविला. पुढे पुराणवस्तू खात्यात राहून त्यांनी अजिंठा-वेरूळ येथील भंगलेल्या शिल्पांच्या दुरुस्तीचे काम केले. नंतर दिल्लीस केंद्र सरकारच्या माहिती व नभोवाणी खात्यात नोकरी लागली आणि १९५९ मध्ये तीही सोडून त्यांनी स्वतंत्र मूर्तिकाम आरंभिले. सरदार पटेलांचा १८२ मीटर उंचीचा पुतळा २०१८ मध्ये उभा राहिला, तेव्हा त्याच्या या शिल्पकाराचे वय ९३ होते. कायमची सरकारी नोकरी सोडणाऱ्या त्या तरुणास १९५९ मध्ये कितीजणांनी शहाणा म्हटले असते?

व्यापाऱ्यांस अधिक जवळची वाटतील अशीही दोन उदाहरणे आहेत. १९४५ मध्ये अमळनेरास महंमद हाशम प्रेमजी यांनी वनस्पती तुपाची कंपनी काढली. १९६६ मध्ये ते अकस्मात वारले, आणि अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकत असलेला त्यांचा २१ वर्षांचा मुलगा अझीम यास अभ्यास अर्ध्यावर टाकून परतावे लागले. हे वळण त्याने मागितलेले नव्हते. तरीही तूप आणि साबण विकणारी तीच कंपनी पुढे संगणकाच्या धंद्यात उतरली व ‘विप्रो’ या नावाने जगभर गेली. अमळनेरातील ज्या घरांनी त्या तुपाच्या कंपनीचे भाग घेऊन स्वस्थपणे सांभाळले, त्यांस या वळणाची किंमत निराळी समजावून द्यावी लागत नाही.

जामनेर तालुक्यातील वाकोदचे भवरलाल जैन हे वाणिज्य व कायदा यांचे पदवीधर. सरकारी अधिकारपद चालून आले असता ते नाकारून त्यांनी १९६३ मध्ये सात हजार रुपयांच्या भांडवलावर रॉकेल विकावयास सुरुवात केली. रॉकेलानंतर ट्रॅक्टर, खते, बियाणे आली. १९७८ मध्ये केळ्याची भुकटी करणारा एक बुडीत कारखाना घेऊन त्यांनी तेथे पपईच्या चिकापासून पेपेन काढण्याचा धंदा बसविला. त्यापुढे प्लॅस्टिकचे नळ आणि अखेरीस ठिबक सिंचन. वरवर पाहता या धंद्यांचा एकमेकांशी संबंध दिसत नाही. पण बहुतेक वळणांवर संबंध त्याच माणसाशी होता, म्हणजे शेतकऱ्याशी. आणि त्याची गरज ओळखण्याची विद्या रॉकेलाच्या दुकानापासून साठत आली होती.

येथे कोणी असा आक्षेप घेईल की, ही थोरांची उदाहरणे झाली. ज्यांनी उडी घेतली आणि जे आपटले, त्यांची चरित्रे कोण लिहितो? आक्षेप रास्त आहे, व तो आम्ही टाळू इच्छीत नाही. धाडस केले की यश ठेवलेलेच, असे सांगणारा उपदेशक लोकांची दिशाभूल करतो. वरील चौघांकडे पुन्हा नीट पाहावे. सुतारांस गुण ओळखणारा शिक्षक भेटला, प्रेमजींच्या हाती चालता कारखाना आला, जैनांच्या मागे घराण्याची शिल्लक होती. आणि साने गुरुजींवर संसाराचा भार नव्हता. धाडस त्यांचे, हे खरेच. परंतु वळणावर पाय घसरू नये म्हणून काही ना काही आधार प्रत्येकास होता. तो आधार ज्यास जन्माने वा दैवाने लाभत नाही, त्यास तो कोण देणार, हा खरा प्रश्न आहे.

एकोणिसाव्या शतकात सुरू झालेली जळगावची खानदेश मिल गेल्या शतकाच्या अखेरच्या पर्वात बंद पडली. तिच्या जागेवर आज दुकाने थाटली आहेत. मागावर उभे राहून ज्यांनी अर्धे आयुष्य काढले, त्या कामगारांच्या वाट्यासही वळणच आले. पण ते त्यांनी निवडलेले नव्हते आणि त्यापुढे कोणती वाट आहे हे दाखविण्यास कोणी उभे नव्हते. धनिकाने धंदा बदलला की त्यास दूरदृष्टी म्हणावयाचे आणि मजुराचा धंदा सुटला की त्याचे नशीब म्हणावयाचे, हा न्याय सुधारलेल्या समाजास शोभत नाही.

आज हाच प्रश्न निराळ्या रूपाने घरोघर उभा आहे. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या परीक्षेस खुल्या वर्गाच्या उमेदवारास ३८ व मागासवर्गीयास ४३ वर्षांपर्यंत बसता येते. उशिरा शिकणाऱ्यास संधी मिळावी, हा या सवलतीचा हेतू स्तुत्य आहे. परंतु जागा थोड्या आणि उमेदवार फार असल्यामुळे दहा-दहा वर्षे अभ्यासिकेत काढून रिकाम्या हातांनी परतणारे तरुण आज प्रत्येक गल्लीत आहेत. त्यांतील बहुतेकांस वाट कधीच बदलावीशी वाटली असेल. पण ‘हरला’ हा शब्द ऐकण्यापेक्षा आणखी एक वर्ष बसलेले बरे, असे त्यांस वाटते. म्हणजे त्यांस परीक्षेने अडविले नाही. लोकलज्जेने अडविले आहे.

स्त्रियांची स्थिती याहूनही विचार करण्याजोगी आहे. जळगावच्या न्यायालयात वकिली करणाऱ्या प्रतिभा पाटील १९६२ मध्ये विधानसभेत गेल्या आणि २००७ मध्ये राष्ट्रपती झाल्या, हे आम्ही अभिमानाने सांगतो. मात्र लग्नामुळे शिक्षण सुटलेली आपल्याच घरातील सून मुले मोठी झाल्यावर पुन्हा पुस्तक उघडू लागली, तर ‘आता या वयात?’ असे तीच तोंडे विचारतात. अशांसाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून उघडे आहे. घराचे दारही तितकेच उघडे हवे.

मग करावे काय? पहिली गोष्ट घरच्यांनी करावयाची. परीक्षेस बसणाऱ्या मुलाशी आरंभीच मुदत ठरवावी, त्या मुदतीत त्याने पोटापुरते एखादे हुन्नरही शिकावे, आणि मुदत संपल्यावर तो माघारी आला तर त्यास टोचून बोलू नये. दुसरी गोष्ट व्यापाऱ्यांची. पेढीवर वा कारखान्यात माणूस घेताना पस्तिशीच्या उमेदवारास ‘इतकी वर्षे काय केलेत?’ असे दरडावून न विचारता, ‘इतक्या वर्षांत काय शिकलात?’ असे विचारावे. तिसरी गोष्ट संस्थांची. महाविद्यालयांनी व तंत्रशाळांनी कामकरी प्रौढांसाठी सायंकाळचे वर्ग चालवावेत, आणि सहकारी पतपेढ्यांनी दुसऱ्यांदा धंदा उभारणाऱ्यास केवळ तारणाकडे न पाहता त्याच्या पूर्वीच्या कामाकडे पाहून लहान कर्ज द्यावे. शिकत असता मध्येच थांबून पुन्हा परतण्याची सोय २०२० च्या राष्ट्रीय शिक्षणधोरणाने मान्य केली आहे. समाजाने ती मनाने मान्य करावयाची बाकी आहे.

त्याच शेतात सालोसाल कापूसच घेत राहिले तर जमीन थकते, म्हणून पिकाची फेरपालट करावी, हे खानदेशच्या शेतकऱ्यास कोणी शिकवावे लागत नाही. आणि फेरपालट केली म्हणून शेजारी त्यास हसतही नाही. जमिनीस जी सवलत आपण देतो ती आपल्या मुलांमुलींस देण्यात आपली कोणती हानी आहे, याचे उत्तर जळगाव-धुळ्याच्या प्रत्येक कुटुंबप्रमुखाने, येत्या लग्नसराईत ‘मुलगा कायम आहे का?’ असे विचारण्यापूर्वी, स्वतःशी द्यावे.