कनकीची पन्नी पावसाची नाही

'स्टार्चची पन्नी मातीत विरते, मल्चिंगची कटकट संपली' असा व्हिडिओ सध्या आपल्याकडं फिरतोय. भाऊ, ऑर्डर देण्याआधी जरा थांबा.

पेज भांड्याला लागून वाळली की पातळ पापुद्रा सुटतो ना, तीच ही पन्नी. १०० ग्रॅम तांदळाचा स्टार्च, दोन लिटर पाणी, २५-३० ग्रॅम ग्लिसरीन. ढवळत ८०-९० अंशांपर्यंत तापवायचं, ताटात पातळ पसरून वाळवायचं. ग्लिसरीन नसेल तर पापडासारखी तुटते. ते घातलं की लवते, पण दमट हवेत लिबलिबीत होते. म्हणून तिच्यात माती घालतात. बांधीतली कोणतीही माती नाही, बेंटोनाइट. सल्फरच्या गोळ्यांत असते तीच, पाण्यात फुगणारी. १०० ग्रॅम स्टार्चला ३ ते ५ ग्रॅम, रात्रभर भिजवून. तिचे पापुद्रे जेमतेम एक नॅनोमीटर जाडीचे. ते पन्नीत आडवे पसरले की वाफेला सरळ जाता येत नाही, वळसे घेत जावं लागतं. पन्नी ताठही होते. माती जास्त झाली तर गुठळ्या होतात आणि तिथूनच फाटते. मोकळा भात होणाऱ्या वाणाची कनकी यासाठी बरी, त्यात अमायलोज जास्त.

पण वाफ अडवणं वेगळं आणि झड झेलणं वेगळं. जुलैच्या पावसात ही पन्नी मिरचीच्या वाफ्यावर टिकायची नाही. मल्चिंगला आपली तणस आहे ना बाप्पा! स्टार्चची पन्नी कोरड्या मालाला वापरा, बियाण्याच्या पुडीला वगैरे. (उंदराला मात्र ती पन्नी नाही, नाश्ता आहे.)

दुसरं, 'बायो' म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पन्न्या म्हणजे पॉलिथिनमध्ये मिसळलेला स्टार्च. आयोडीनचा थेंब टाकला तर दोन्ही निळ्या पडतात, त्यावर भुलू नका. स्टार्च कुजून जातो, पॉलिथिनचा चुरा वावरात राहतो. पिशवीवर 'कंपोस्टेबल' आणि आयएस/आयएसओ १७०८८ लिहिलंय का पाहा, विकणाऱ्याला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र मागा.

आता पैशाचं. सरकारी धानाच्या भरडाईत १०० किलो धानामागं ६७ किलो कच्चा तांदूळ जमा होतो, उरलेली कनकी, कोंडा, तूस मिलकडं. मग गोंदियात उद्या कनकीच्या पन्नीचा कारखाना निघाला तर धान पिकवणाऱ्याच्या हाती काय येणार? माझं मत असं, की ज्या शेतकरी कंपनीची स्वतःची छोटी मिल आहे, तिनंच यात हात घालावा. तेही घाई न करता. तांदळाच्या स्टार्चला प्रोटीन घट्ट चिकटलेलं असतं, ते सोडवायला सौम्य कॉस्टिक सोडा लागतो. मका-साबुदाण्याला एवढा खटाटोप नाही. आणि ते सोड्याचं पाणी कुठं जाणार? आपल्या गावागावांत तलाव आहेत, त्यांच्याच पाण्यावर रोवणी होते. कारखान्याच्या नकाशात सांडपाण्याची टाकी दिसल्याशिवाय ग्रामसभेनं होकार देऊ नये.